आमचा दूरचा सामना आणि ९१ ही संख्या



या अंकासाठी गुरुजींनी मला गणितावर लेख लिहायला सांगितले. "सोडवलेली उदाहरणे नकोत, यंदा आपण जो खेळ खेळलो त्यावर लिही," असे ते म्हणाले. मी जरा कां-कूं केले. कारण त्या खेळात एक चूक झाली होती आणि ती माझ्याच तोंडून झाली होती. पण लिहायचे तर सगळे लिहावे म्हणून लिहीत आहे.

खेळाचे नाव आम्ही 'संख्याशोध' ठेवले आहे. दोन शाळांचे दोन वर्ग व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसतात. प्रत्येक वर्ग एक संख्या मनात धरतो व ती कागदावर लिहून पाकिटात ठेवतो. मग आळीपाळीने एकेक प्रश्न विचारायचा. प्रश्न असा पाहिजे की उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच येईल. ज्या वर्गाला समोरची संख्या आधी सापडेल तो जिंकला.

हा खेळ काही आमच्या गुरुजींनी काढलेला नाही. परदेशातील शिक्षक पूर्वी स्काइपवरून असा खेळ खेळवत. समोरचा वर्ग कोणत्या देशात, कोणत्या गावात आहे हे 'हो-नाही'च्या प्रश्नांनी ओळखायचे. त्याचाच संख्येचा प्रकार पुढे निघाला. स्काइप २००३ साली सुरू झाले आणि मे २०२५ मध्ये बंद झाले. खेळाचे त्यावाचून काही अडले नाही, आता दुसऱ्या सोयी आहेत. आपल्याकडे, म्हणजे कर्जत-जामखेडच्या पलीकडे करमाळा आणि त्याच्याही पलीकडे माढा तालुका, तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या मुलांची अशाच रीतीने देशोदेशींच्या वर्गांशी गाठ घालून दिली होती. त्यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतील अर्धी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे गुरुजींनी सांगितले तेव्हा आमच्या वर्गातील एकाने लगेच विचारले, "गुरुजी, मग आपल्याला कोणता देश?"

गुरुजी म्हणाले, "आपल्याला अकोले."

सगळे हिरमुसले. पण आपला जिल्हा म्हणजे काही लहान नाही. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे, चौदा तालुक्यांचा. आम्ही पाथर्डी तालुक्यात, पूर्वेच्या टोकाला. अकोले पश्चिमेच्या टोकाला, जिथे कळसूबाईचे शिखर आहे. मध्ये दीडशे किलोमीटरच्या वर अंतर. आमच्यापैकी कुणीही अकोले पाहिलेले नाही.

ऑगस्ट २०२५ मधल्या एका शनिवारी सकाळची शाळा होती. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही फळ्याशेजारी आहेच. गुरुजींनी त्याला आपला मोबाईल जोडला आणि रेंज यावी म्हणून तो खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला. थोड्या वेळाने पडद्यावर एक वर्ग दिसला. पहिल्यांदा आम्हाला त्यांची मुले दिसलीच नाहीत, दिसला तो पाऊस. त्यांच्या दारातून आत पावसाचा आवाज इतका येत होता की त्यांच्या बाईंना दार लोटून घ्यावे लागले. आमच्याकडे ऊन पडले होते आणि मूग वाळायला लागले होते. आमच्या मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "आरं, थोडा इकडं पाठवा की!" तिकडे सगळे हसले. तेव्हा कळले की आवाज पोहोचतो.

आवाज पोहोचतो खरा, पण उशिरा पोहोचतो आणि मध्येच तुटतो. म्हणून उत्तरासाठी पुठ्ठे केले होते. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. संख्या सांगताना तर फारच घोटाळा होई. एकोणसाठ म्हटले तर तिकडे एकोणसत्तर ऐकू जाई. त्र्याहत्तर की त्र्याऐंशी, कळेना. तेव्हा गुरुजींनी २०१९ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन दिले आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. मंगला नारळीकर त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. माझी आजी तर अजून म्हणते, "आमचं एकोणऐंशी काय वाईट होतं?" मला एकोणऐंशी आवडते. पण तुटक्या आवाजात 'सत्तर नऊ' हेच बरोबर पोहोचते, हा आमचा अनुभव आहे. आम्ही दोन्ही म्हणायचे ठरवले.

आमच्या वर्गात कामे वाटून दिली होती. दोघे फळ्यावर, तिथे १ ते १०० चा तक्ता काढलेला, त्यातील बाद झालेल्या संख्या ते पुसत जाणार. एक जण वहीत प्रश्न-उत्तरे टिपणार. प्रश्न कोणता विचारायचा हे गट ठरवणार. आणि उत्तराचे पुठ्ठे माझ्याकडे होते. मी गणितात वर्गात पहिली येते, म्हणून ते काम मला मिळाले असावे.

आमची संख्या होती ९१. पहिला प्रश्न आमचा होता.

आता आमचे प्रश्न ऐका. पहिला, "तुमची संख्या ४७ आहे का?" नाही. दुसरा, "सातने निःशेष भाग जातो का?" नाही. तिसरा, "१०० आहे का?" नाही. चौथा, "मूळ संख्या आहे का?" नाही. पाचवा, "पाचने भाग जातो का?" नाही. पाच प्रश्न संपले आणि फळ्यावर जवळजवळ निम्म्या संख्या तशाच! गुरुजी काही बोलले नाहीत, पण ते खडू हातात फिरवत होते. सहाव्या प्रश्नाला कुणीतरी म्हणाले, "पूर्ण वर्ग आहे का ते विचारा." आणि समोर हिरवा पुठ्ठा वर गेला! हे निव्वळ नशीब. एका दणक्यात फळ्यावर सातच संख्या उरल्या: १, ४, ९, १६, ३६, ६४, ८१. पुढे "सम आहे का?" हो. "वीसपेक्षा मोठी आहे का?" हो. नववा प्रश्न, "६४ आहे का?" हिरवा!

आमच्याकडे इतका आरडाओरडा झाला की सहावीचा वर्ग दारात येऊन उभा राहिला. तेवढ्यात रेंज गेली, पडदा काळा झाला. आमची संख्या कोणती होती हे सांगायचे राहूनच गेले.

त्यांचे प्रश्न मात्र वेगळे होते. आमच्या टिपणवहीत ते सगळे आहेत. "५० पेक्षा मोठी आहे का?" मी हिरवा दाखवला. "सम आहे का?" लाल. "मूळ संख्या आहे का?" इथे मी जरा थांबले. ९१ ला दोनने भाग जात नाही. अंकांची बेरीज दहा, म्हणजे तीनने जात नाही. शेवटी शून्य किंवा पाच नाही, म्हणजे पाचने जात नाही. मी हिरवा पुठ्ठा वर केला. "७५ पेक्षा मोठी?" हिरवा. "८५ पेक्षा मोठी?" हिरवा. मग त्यांनी विचारले "८९?" लाल. लगेच पुढच्या पाळीला त्यांची एक मुलगी उभी राहून अगदी खात्रीने म्हणाली, "९७!" लाल. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ती आपल्या फळ्याकडे पाहायला लागली, मग बाईंकडे. आठव्या पाळीला त्यांनी विचारले, "तुमची संख्या शंभरच्या आतच आहे ना?" आम्ही खूप हसलो.

सोमवारी मधल्या सुट्टीत खिचडी खाताना आमच्या वर्गातील एक मुलगा माझ्याजवळ आला. तो वर्गात फारसा बोलत नाही. (त्याला विचारूनच हे लिहिते आहे, नाव लिहू नको म्हणाला.) तो म्हणाला, "एक्क्याण्णवला सातानं भाग जातो."

मी म्हटले, "नाही जात."

"जातो. तेरा आठवड्याचे एक्क्याण्णव दिवस व्हत्यात."

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्याचे आई-वडील ऊसतोडीला गेले होते. हा आजीजवळ राहिला. दर रविवारी तो भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायचा. तेरा रेघा झाल्या त्या दिवशी आजीने विचारले, "किती दिस झालं रं?" तेव्हा त्याने हिशेब केला होता. तेरा साते एक्क्याण्णव.

तेराचा पाढा आम्हा सगळ्यांना पाठ आहे. रोज परिपाठानंतर म्हणतो. तरी त्या दिवशी मूळ संख्या म्हणून पुठ्ठा वर करताना तो पाढा माझ्या डोक्यात आला नाही, आणि वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्याही आला नाही. त्याच्या मात्र आला, आणि तो दोन दिवस गप्प बसला. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "समदे नाचत व्हते."

आम्ही दोघे गुरुजींकडे गेलो. ते रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर जे समजावले ते इथे नीट लिहिते, कारण पालकांनाही त्याचा घरी अभ्यास घेताना उपयोग होईल.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे पाहताना कुठपर्यंत भागून पाहायचे? समजा, शंभरच्या आतली एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार आहे. त्या दोन्ही संख्या दहापेक्षा मोठ्या असतील का? नाही. कारण मग गुणाकार शंभरच्या वर जाईल. म्हणजे दोन्हींपैकी एक तरी दहाची किंवा दहाच्या आतली असलीच पाहिजे. दहाच्या आतल्या मूळ संख्या चारच: २, ३, ५, ७. या चारांनी भाग गेला नाही तर संख्या मूळ, पाचवी कसोटी लागत नाही. मी तिन्हींवर थांबले होते, कारण त्या तीन कसोट्या नुसत्या नजरेने होतात. सातची कसोटी तशी सोपी नाही, तिथे भागावेच लागते. शंभरच्या आत २, ३ आणि ५ या तिन्हींतून निसटणाऱ्या पण मूळ नसलेल्या संख्या किती, हे आम्ही शोधले. (एक सोडून. एक ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही.) फक्त तीन निघाल्या: ४९, ७७ आणि ९१. पहिल्या दोन पटकन ओळखू येतात. ९१ मात्र मूळ संख्येसारखीच दिसते. ५१, ५७, ८७ यांनाही मुले फसतात, पण त्या अंकांची बेरीज केली की तीनच्या कसोटीत सापडतात.

हजारपर्यंतच्या संख्येला हाच नियम लावायचा तर ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते, कारण ३१ चा वर्ग ९६१ आणि त्यापुढच्या मूळ संख्येचा, ३७ चा वर्ग १३६९. अशा मूळ संख्या अकरा आहेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण होते.

मग गुरुजींनी दुसरी गोष्ट मोजून दाखवली. ती ऐकून मला फारच वाईट वाटले. मी त्या प्रश्नाला लाल पुठ्ठा दाखवला असता तर काय झाले असते? पन्नासच्या वरच्या विषम आणि मूळ नसलेल्या संख्या पंधरा. त्यांतील ७५ च्या वरच्या आठ: ७७, ८१, ८५, ८७, ९१, ९३, ९५, ९९. त्यांच्या चौथ्या प्रश्नाला त्यांच्यापुढे या आठच राहिल्या असत्या. आठाच्या चार, चाराच्या दोन, दोनाची एक, असे तीन प्रश्न. आठव्या प्रश्नाला त्यांनी ९१ म्हटले असते. आमचा ६४ हा प्रश्न नववा होता.

म्हणजे सामना त्यांचा होता.

वर्गात यावर बरीच चर्चा झाली. काहींचे म्हणणे, त्यांना आपली संख्या कळलेलीच नाही, मग सांगायचे कशाला. एक जण म्हणाला, आपण काही मुद्दाम नाही केले. गुरुजी म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा," आणि चक्क हजेरी भरायला बसले. शेवटी मी म्हटले की पुठ्ठा माझ्या हातात होता, मी सांगते. माझे पोट दुखत होते, हे लिहायला हरकत नाही.

पुढच्या शनिवारी पडदा उजळला. तिकडे तसाच पाऊस. मी उभी राहून सांगितले की आमची संख्या ९१ होती आणि 'मूळ आहे का' याला मी चुकीचे उत्तर दिले, ते 'नाही' पाहिजे होते. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटले रेंज गेली. मग '९७' म्हणणारी ती मुलगी ओरडली, "अगं, आम्ही आठवडाभर भांडतोय! मला सगळे म्हणत होते, तूच फळ्यावरची कोणतीतरी संख्या चुकून पुसलीस!"

हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. आमच्या एका हिरव्या पुठ्ठ्यामुळे तिकडे एका मुलीवर आठवडाभर आळ आला होता.

तो सामना दोन्ही वह्यांतून खोडला आणि दुसरा ठरला. या वेळी १ ते १००० पर्यंत.

त्याआधी आम्ही प्रश्न विचारायला शिकलो, त्याबद्दल थोडे सांगते. "४७ आहे का?" असा प्रश्न शंभरातून एकच संख्या बाजूला काढतो, 'नाही' आले की ९९ तशाच. "५० पेक्षा मोठी आहे का?" हा प्रश्न काहीही उत्तर आले तरी पन्नास बाद करतो. "सम आहे का?" हाही तेवढाच चांगला. "मूळ आहे का?" हा पहिल्यालाच विचारणे वाईट, कारण शंभरात मूळ संख्या २५ आणि 'नाही' आले तर ७५ गळ्यात. निम्मे करणारा प्रश्न सर्वांत चांगला. हजाराचे पाचशे, अडीचशे, सव्वाशे, मग ६३, ३२, १६, ८, ४, २ आणि १. दहा प्रश्नांत हजारातली कोणतीही संख्या सापडते. अकरावा प्रश्न मिळाला तर दोन हजारांतली. आणि वीस मिळाले तर? दोनाला दोनाने गुणत जा, १०,४८,५७६ येतात. वीस प्रश्नांत दहा लाखांतली संख्या! माझा यावर विश्वास बसला नव्हता, म्हणून मी स्वतः गुणून पाहिले. पाटीची एक बाजू पुरत नाही.

हे घरी सांगितले तर तात्या, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, "यात काय नवीन? आम्ही पाइप असाच बघतो." तुषारचे पाइप रानात उघड्यावर टाकलेले असतात. चौसष्ट पाइप एकाला एक जोडलेले आणि पलीकडे पाणी येत नाही, कुठेतरी तुंबले आहे. एकेक जोड सोडत गेले तर दिवस जाईल. तात्या मोटर बंद करून मधला जोड सोडतात आणि मोटर लावून पाहतात. पाणी आले तर अडथळा पुढच्या बत्तीस पाइपांत, नाही आले तर मागच्या बत्तीसांत. मग त्या बत्तीसांचा मधला जोड. सहा वेळा जोड सोडला की पाइप सापडतो. मागच्या खेपेला त्यात बेडूक निघाला होता. गुरुजींनी तात्यांना एक दिवस वर्गात बोलावून हे सांगायला लावले. तात्या चौथीपर्यंत शिकलेले आहेत. वर्गात येताना त्यांनी सदरा बदलला होता.

आता दुसरा सामना. आम्ही ९६१ ही संख्या धरली. मुद्दाम धरली, हे कबूल करते. दिसते मूळ संख्येसारखी आणि आहे ३१ चा वर्ग. या वेळी तिची आधीच 'कुंडली' मांडली: सम-विषम, कशाकशाने भाग जातो, मूळ की संयुक्त, पूर्ण वर्ग की नाही, अंकांची बेरीज किती. कुंडली त्या न बोलणाऱ्या मुलाने तपासली. पुठ्ठे पुन्हा माझ्याकडेच दिले. मी नको म्हणत होते.

पहिली पाळी त्यांची. ५०० पेक्षा मोठी? हो. ७५०? हो. ८७५? हो. सम? नाही. ९३७ पेक्षा मोठी? हो. तीनने भाग जातो? नाही. ९६७ पेक्षा मोठी? नाही. सात प्रश्नांत त्यांच्यापुढे दहाच संख्या राहिल्या.

आमचेही तसेच चालले होते. ५०० पेक्षा मोठी? नाही. २५०? हो. सम? नाही. ३७५ पेक्षा मोठी? हो. तीनने भाग जातो? हो. ४४० पेक्षा मोठी? हो. ४७० पेक्षा मोठी? हो. आमच्यापुढे पाचच: ४७१, ४७७, ४८३, ४८९, ४९५. फळ्यावरची दोघे एकमेकांना चिमटे काढत होती.

आठव्या पाळीला तिकडून प्रश्न आला, "मूळ आहे का?"

माझ्या वर्गातील सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. गुरुजी खिडकीजवळ मोबाईल सावरत होते, त्यांनीही पाहिले. मी कुंडली वाचली, पुन्हा वाचली आणि लाल पुठ्ठा वर केला.

आम्ही विचारले, "४८३ पेक्षा मोठी?" हो. दोनच राहिल्या, ४८९ आणि ४९५.

त्यांच्यापुढे सहा संख्या होत्या आणि हातात दोन पाळ्या. आम्हाला वाटले आता जिंकलोच. पण तिकडे बराच वेळ कुजबुज झाली आणि प्रश्न आला, "पूर्ण वर्ग आहे का?" मला हिरवा दाखवावा लागला. त्या सहांत वर्ग एकच होता. नंतर आम्ही विचारले की तुम्हाला हे सुचले कसे. ती '९७'वाली मुलगी म्हणाली, "मागे तुम्ही मूळ समजून फसला होता. म्हटलं आता आम्हाला तसंच फसवायला बघणार. अशी संख्या शोधली."

नववी पाळी आमची. ४८९ की ४९५? हात वर करून मते घेतली. आम्ही विचारले, "४८९ आहे का?" लाल.

दहाव्या पाळीला त्यांनी ९६१ म्हटले. आमच्या दहाव्या पाळीपर्यंत खेळ पोहोचलाच नाही.

त्यांची संख्या ४९५ होती. तीच का, हे त्यांच्या बाईंनी सांगितले. अकोल्याला लागून नाशिक जिल्हा आहे. तिथे देवळालीला द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) नावाचे शाळामास्तर होते. त्यांना संख्यांचा नाद होता. कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक मात्र सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. ३५२ घेतली तर ५३२ वजा २३५ म्हणजे २९७. मग ९७२ वजा २७९ म्हणजे ६९३. ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४. ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. आणि ४९५ चे पुन्हा केले तरी ४९५ च! तिथून ती हलत नाही. (मध्येच ९९ आले तर ०९९ लिहून पुढे चालायचे.) चार अंकी संख्यांत अशीच ६१७४ येते. ती कापरेकरांनी १९४९ साली दाखवली आणि आज जगभर तिला त्यांच्या नावाने ओळखतात. आमच्या वर्गात त्या दिवशी प्रत्येकाने आपापली संख्या घेऊन पाहिली. एकाचे उत्तर येईना म्हणून तो 'खोटे आहे' म्हणाला, पण त्याची वजाबाकी चुकली होती.

तिसरा सामना दिवाळीच्या सुट्टीआधी ठरला. तो होऊन गेल्यावर काही मुलांचे आई-वडील तोडीला जातील. आमचा कुंडली तपासणारा यंदाही आजीजवळ राहणार आहे. त्याने भिंतीवर कोळशाने रेघा मारायच्या जागी एक वही केली आहे. तिच्यात दर रविवारी सातची पट लिहायची, असे त्याचे ठरले आहे. त्याची आई शाळेत आली होती तेव्हा गुरुजींनी तिला ९१ ची गोष्ट सांगितली. ती पदर तोंडाला लावून बराच वेळ फळ्याकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "मला म्हायतीच न्हाई, ह्यो मोजतोय."

वाचकांसाठी आमच्या वर्गाने एक संख्या धरली आहे. ती १ ते १०० मधली आहे. विचारलेले प्रश्न आणि उत्तरे अशी: ५० पेक्षा मोठी? हो. सम? नाही. तीनने भाग जातो? नाही. पाचने भाग जातो? नाही. मूळ? नाही. दोन्ही अंक सारखेच? हो. आपले उत्तर आणि नाव चिठ्ठीवर लिहून खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकावे. पालकांनीही टाकावे. सहा प्रश्नांपैकी दोन असे आहेत की त्यांतला कोणताही एक नसता तरी चालले असते. ते कोणते, हेही लिहिणाऱ्याचे नाव पुढच्या अंकात मोठ्या अक्षरांत येईल.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी